खळ्यातली सभा

मी पक्षात गेलो तो तक्रार करायला.

बेलापूरला आम्ही राहायचो त्या सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावरचा एक गाळा कित्येक महिने रिकामा पडून होता. खासदारकीची निवडणूक जाहीर झाली आणि त्या गाळ्यात एका पक्षाचं प्रचार कार्यालय उघडलं. दारावर भोंगा, आणि भोंग्यातून सकाळी दूधवाल्याच्या आधीपासून देशभक्तीची गाणी. मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं, घरात आई आणि मी. दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी तावातावाने खाली उतरलो आणि म्हणालो, "हे बंद करा, नाहीतर..." नाहीतर काय, ते मी ठरवलेलं नव्हतं.

पंख्याखाली एक घामाघूम, जाडसर गृहस्थ बसले होते. विभागाचं सगळं काम तेच बघायचे आणि सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "काय बोलता राव तुमी. शब्द कसे एकदम क्लियर. माईकवर बोललाय का कधी?"

अर्ध्या तासाने मी वर आलो तेव्हा माझ्या शर्टाला बिल्ला होता. भोंग्याचा आवाज तेवढाच होता, पण आता तो आपल्या पक्षाचा वाटू लागला होता.

पक्षाचे विचार काय होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मला आवडायची ती प्रचाराची जीप. कचेरीत मला कोणी खुर्ची द्यायचं नाही, इथे मी आलो की दोघेजण उठायचे. त्यामुळे भाऊंनी एकदा विचारलं, "दिवाळे गावात कुणाची ओळख आहे का?" तेव्हा मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "आहे ना. घरचे संबंध आहेत."

घरचे संबंध म्हणजे एवढेच, की दिवाळे गावातली एक कोळीण एक दिवसाआड आमचे तीन जिने चढून दाराशी टोपली उतरवायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आई तिला पाणी द्यायची, मग दोघी मासळीच्या भावावरून भांडायच्या, मग मावशी टोपलीतली दोन जास्तीची मांदेली आईच्या ताटलीत टाकायची आणि म्हणायची, "ही तुला नाय बाय, तुझ्या पोराला. कसा काटकुला झालाय बग." आई मूळची साताऱ्याकडची, आमचं गावही तिकडचंच. लग्न होऊन आली तेव्हा तिला मासा धरताही यायचा नाही. साफ करण्यापासून कालवणापर्यंत सगळं तिला मावशीने दाराशी बसून शिकवलेलं. उन्हाळा संपत आला की मावशी सुका जवळा, म्हणजे उन्हात वाळवलेली बारीक कोळंबी, घेऊन यायची, आणि तो डबाभर जवळा आम्हाला पावसाळाभर पुरायचा. आमच्यासारखी पन्नासेक गिऱ्हाइकं तरी तिने बांधलेली असतील. पावसात होड्या बंद, ओली मासळी बंद. ते चार महिने तिचं घर चालायचं ते त्या सुक्या जवळ्यावर. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तर दिवाळ्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी रोज संध्याकाळी जीपने गावात जायचो आणि बायकांना मतदान शिकवायचो. तेव्हा कागदाची मतपत्रिका असायची. आपल्या चिन्हासमोर शिक्का मारायचा आणि घडी घालून पेटीत टाकायची. घडी चुकली की ओला शिक्का पलीकडच्या चिन्हावर उमटायचा आणि मत बाद. मी नमुन्याची मतपत्रिका उंच धरून सांगायचो, "आधी उभी घडी, मग आडवी." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"क रं मास्तर, आमी पापलेट चिरताव, कागद नाय मोडता येनार?" एकजण म्हणाली.

"जाऊ दे ग, शिकवू दे त्याला," मावशी म्हणाली. "आमच्या बेलापूरच्या ताईचा पोर हाय तो. आमी सगल्या येव तुझ्या सभेला. मी आनतंय सगल्यांना."

त्या एका वाक्यावर मी भाऊंना सांगितलं की गाव आपलं आहे. भाऊंनी लगेच उमेदवाराची सभा गावात लावली आणि जागा बघायला मला सांगितलं.

शाळेचं पटांगण समोरच्या पक्षाने आधीच घेऊन ठेवलेलं. देवळापुढे जागा अपुरी. मी ऊन कलल्यावर फिरत फिरत खाडीच्या अंगाला गेलो, आणि बघतो तर काय, ऐसपैस मोकळं मैदान. खडा नाही, काटकी नाही, गवताचं पातं नाही. शेणाने सारवून चोपून अंगणासारखं केलेलं. कडेला काही टोपल्या पालथ्या घातलेल्या. मला वाटलं, काय स्वच्छ गाव आहे. मला असंही वाटलं, आणि हे लिहिताना माझेच कान गरम होतायत, की आमच्या सभेची वार्ता लागून गावाने आधीच जागा करून ठेवली असावी.

देवळाच्या पारावर एक वयस्क गृहस्थ जाळं विणत बसले होते. मी विचारलं, "काका, खाडीकडची ती मोकळी जागा सभेला घेतली तर चालेल ना?"

त्यांनी वरही बघितलं नाही. "घ्या क. इलेक्शन क रोज येतंय?"

झालं. गावाची परवानगी मिळाली, असं मी भाऊंना कळवलं.

दुसऱ्या दिवशी मावशी दाराशी आली तेव्हा मी आत बसून उमेदवाराच्या स्वागताचं भाषण लिहीत होतो. 'दर्याची लेकरं' हा शब्द मला नुकताच सुचला होता आणि मी त्याच्या प्रेमात होतो. मी आतूनच ओरडून सांगितलं, "मावशी, शनिवारी सभा. तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची."

"कुठं रं?"

"तुमच्याच गावात, खाडीकडे. मोकळ्या जागेत."

"मोकली जागा कंची?" तिने विचारलं. मग आईशी बोलता बोलता म्हणाली, "अमावस्येचा उधान आलाय बाय. ह्या दोन दिसान जवला परनार हाय चांगला. हा शेवटचाच. वालवला की तुझा डबा भरून देतंय."

ते मी ऐकलं. पण 'मोकली जागा कंची' या प्रश्नाचं उत्तर द्यायला उठलो नाही, कारण 'दर्याची लेकरं' च्या पुढचं वाक्य जमत नव्हतं.

शनिवारी अर्धी रजा टाकून, कडक इस्त्रीचा झब्बा घालून मी दुपारी गावात पोचलो. मांडववाल्याची माणसं सकाळीच आली होती. मैदानभर पहारीने खड्डे घेऊन बांबू रोवलेले, दोऱ्या ताणलेल्या, अर्ध्या भागावर कापडाचं छप्पर. मैदानाच्या कडेला बायका ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात टोपल्या, टोपल्यांवर ओली गोणपाटं. पहाटेच होड्या भरून आल्या होत्या. काहींनी गल्लीत, काहींनी ओट्यावर जुनी लुगडी अंथरून थोडा थोडा जवळा पसरला होता. पण गल्लीत ऊन किती येणार आणि लुगड्यावर मावणार किती.

मावशी उठून माझ्यापाशी आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पोरा, ह्यो आमचा जवला वालवाचा खला हाय. तुला कोनी सांगला मैदान म्हनून?"

"मी विचारलं होतं, मावशी. देवळापाशी काका बसले होते, त्यांना..."

"बापयांना क विचारतंस? त्यांचा काम खारीन, पान्यात. खला बायकांचा."

शेजारची एक तरणी बाई म्हणाली, "मागून मागून कोनाला मागला, तर खल्यावर कवा पाय न ठेवनाऱ्याला."

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. ही गोष्ट मी नंतर पुष्कळदा मनात फिरवून बघितली आहे आणि दर वेळी ती तशीच निघते. गावाबाहेर रस्त्याला लागून जागा होती. बांबू उपटायला आणि तिकडे न्यायला दोन तास लागले असते. भाऊ भडकले असते, मांडववाला भडकला असता, आणि दिवाळ्यातले माझे घरचे संबंध किती घरचे आहेत ते जीपमधल्या सगळ्यांना कळलं असतं. माझी खुर्ची गेली असती, एवढंच.

मी म्हणालो, "मावशी, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे. पाचला सभा, सहाला संपेल. मग पसरा की निवांत."

मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. "सांजचा ऊन तुझा पुढारी देल क?"

बायका हसल्या. मीही हसलो. आणि माईक तपासायला मांडवात निघून गेलो. "हॅलो, चेक, हॅलो" असं म्हणत मी बराच वेळ उभा होतो. माईक पहिल्या हॅलोलाच नीट होता.

उमेदवार पाचला येणार होते, ते दिवेलागणीला आले. त्यात नवल काही नाही, पण तोवर जवळा ओल्या गोणपाटाखाली तसाच दडपून होता. उकाडा मरणाचा. वास बदलत गेला तो मला कळत होता. मासळीचा वास आणि बिघडलेल्या मासळीचा वास यातला फरक आमच्या घरात मावशीनेच शिकवलेला.

सभेला गर्दी छान झाली. आणि पहिल्या रांगेत मावशी येऊन बसली. तिच्या मागे तिच्या आळीतल्या बायका. शब्द दिला होता, म्हणून आल्या. मी व्यासपीठावरून बोलायला उभा राहिलो आणि कागद उघडला. कागदावर लिहिलं होतं, 'दर्याच्या या लेकरांच्या अंगणात, मासळीच्या या सुगंधात...' सगळं बदलून बोलावं एवढी अक्कल सुचली नाही. जसं लिहिलं होतं तसं वाचलं. माझ्या मागे उमेदवार बसले होते आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. मावशी मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. टाळ्या पडल्या. भाऊंनी माझी पाठ थोपटली. "काय बोलला रे तू. एकदम सभा जिंकलीस."

सभा संपली आणि जीप भरून निघून गेली, तिच्यात मीही होतो. मागे खड्डे राहिले, शेंगांची टरफलं राहिली, कागदी झेंडे राहिले, आणि हजार माणसांच्या चपलाबुटांनी खरडून भुगा झालेलं खळं राहिलं.

त्यानंतर मावशी आमच्याकडे आली नाही. आईने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "इलेक्शनच्या गडबडीत असेल."

"कोळणीला कसली आलीय इलेक्शनची गडबड?" आई म्हणाली.

मतदानाच्या दिवशी मी जीप घेऊन बायकांना आणायला गेलो, कारण तेही माझ्याकडेच होतं. त्या घोळक्याने रस्त्याने चालत येत होत्या. मी जीप थांबवली. कोणी बसलं नाही. "आमाला पाय हायत," ती तरणी बाई म्हणाली. जीप त्यांच्या मागून बैलगाडीच्या वेगाने आणावी लागली, कारण पुढे काढून न्यायची मला लाज वाटत होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ही काय वरात आहे काय?"

मावशी केंद्रातून बाहेर आली तेव्हा मी आमच्या टेबलाशी उभा होतो. ती जाता जाता थांबली. बोटावरची शाई तिने पदराला पुसून बघितली.

"उभी घडी, मंग आरवी. बरोबर घातली. बाद नाय होयाची."

"मावशी..." मी म्हणालो.

"कोनाला घातला ता नाय सांगनार." आणि गेली.

त्याच संध्याकाळी आईला सगळं कळलं. शेजारच्या काकूंकडे दिवाळ्याचीच दुसरी कोळीण यायची, तिच्याकडून. मी शर्टाचा बिल्ला काढत होतो तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सभा तू खळ्यात घेतलीस?"

"मला कळलं नाही गं ते खळं आहे. मैदानासारखंच दिसत होतं."

"कळलं न्हाई?" आई हळूच बोलली, आणि हळू बोलली की ती गावच्या बोलीत जायची. "आरं, आपल्या खळ्यात मळणीच्या दिसांत पायताण घालून कुणी पाऊल टाकतं का? तुजा आज्जा पाटलालासुदिक बाहेर थांबवायचा. तू ल्हान असताना चप्पल घालून शिरलास तर कान धरून भाईर काढला हुता तुला. आणि तुला खळं वळखू ईना?"

आमच्या गावच्या खळ्यात ज्वारी असायची. मध्ये तिवड्याचा खांब, भोवती बैल. तेच सारवण, तीच चोपण, तीच झाडलोट. दिवाळ्यात मी त्याच्या काठावर उभा राहून सगळं बघितलं होतं, फक्त ज्वारी नव्हती म्हणून मला ते मैदान वाटलं. शेतकऱ्याच्या घरातला असून. कचेरीतल्या कोणा मुंबईकराने ही चूक केली असती तर मीच दहा जणांना हसून सांगितली असती.

"किती गेला तिचा?" आईने विचारलं.

"बहुतेक सगळा. नारळांच्या बुंध्याशी टाकला म्हणतात."

"उद्या रजा टाक," आई म्हणाली. "शेण कालवायला तुजा उमेदवार येणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुढे आणि मी मागे असे दिवाळ्यात गेलो. बायकांनी खड्डे मुरमाने भरायला घेतलेच होते. आईने खळ्याच्या कडेला चप्पल काढली, पदर खोचला आणि कोणाला काही न विचारता शेणाच्या पाटीला हात लावला. मावशी बघत राहिली. मग तिने सरकून आईला जागा दिली.

माझ्या हातात चोपणं आलं, म्हणजे जमीन ठोकून सपाट करायचं लाकडी फळकूट. मी इतक्या भक्तिभावाने ठोकत होतो, की भरलेल्या खड्ड्यांच्या जागी नवे खळगे पडायला लागले.

"मास्तर, खला हाय, वैरी नाय," एकजण म्हणाली.

"मारू दे ग त्याला. भाषनापेक्षा बरा."

मग माझं चोपणं काढून घेतलं आणि सारवायला बसवलं. मी सारवलेला पट्टा दुरूनही ओळखू यायचा. तो दोनदा पुसून पुन्हा केला गेला. मी गेलो नसतो तर काम लवकर आटपलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण कोणी जा म्हणालं नाही, आणि आईसमोर मला जाताही आलं नसतं.

निघताना मी मावशीपाशी गेलो. "मावशी, अजून जवळा पडेल ना? पावसाला वेळ आहे."

तिने खाडीकडे बघितलं. "परला तर परला."

नाही पडला. पुढच्या उधाणाला थोडा आला, तो घरापुरताही नव्हता. तोवर ढग यायला लागले. आमचा उमेदवार तेवढ्यात निवडून आला. भाऊंनी गुलाल लावायला बोलावलं होतं, मी ताप आल्याचं कळवलं. गाळ्याचं शटर बंद झालं, भोंगा गेला. त्या वर्षी आईने जवळ्याचा डबा धुऊन उन्हात ठेवला आणि त्यात साबुदाणा भरला. बाजारातून जवळा आणू का असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "नको."

पावसाळा सुरू झाल्यावर एका सकाळी मी कचेरीला निघालो आणि दार उघडलं तर जिन्यात मावशी. टोपली नव्हती, बादली होती. आमच्या सोसायटीने आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी जिने पुसायला बाई ठेवली होती, ती ही. इतकी वर्षं टोपली डोक्यावर घेऊन जे जिने ती चढली, ते आता ती वरून खाली पुसत उतरत होती. चौथ्या मजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत आली होती.

आई तिला रोज चहा द्यायची. मावशी तो पायरीवर बसून प्यायची. पहिल्यासारखं दारात बसून नाही. दोघी पावसाचं बोलायच्या, गुडघ्यांचं बोलायच्या. जवळ्याचं नाही. मी तो आठवडा तिची चाहूल घेऊन दाराआड थांबायचो. बादलीचा आवाज तळमजल्यावर गेला की निघायचो. कचेरीत रोज लेटमार्क. आईला सगळं कळत होतं. ती एकदा म्हणाली, "दाराआड किती दिस उभा राहणार हायस? ती काय चार म्हैने जाणार न्हाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. मावशी आमच्याच मजल्याखालच्या वळणावर वाकून पुसत होती. वरच्या सगळ्या पायऱ्या ओल्या, चकचकीत, अजून कोणाचं पाऊल न पडलेल्या. माझ्या पायात पावसाळी बूट, चिखलाचे. मी दारातच बूट काढले, हातात घेतले, पँट वर दुमडली आणि मोज्यांनिशी भिंतीच्या कडेकडेने उतरायला लागलो. मोजे पहिल्या दोन पायऱ्यांतच भिजले.

मावशीने मान वर करून बघितलं. मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"क रं ह्या?"

"पुसलंय ना तुम्ही. खराब नको."

ती हसली. सभेआधी दाराशी हसायची तसंच हसली, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं.

"पोरा, ह्यो जिना हाय," मावशी म्हणाली. "जिन्यावर लोकांनी चालाचाच असतंय. घाल तुझं बूट."

मी तिथेच पायरीवर बसून ओल्या मोज्यांवर बूट चढवले. ती माझं होईपर्यंत फडकं पिळत थांबली. मग मी उतरलो, आणि माझ्यामागे मला फडक्याचा आवाज ऐकू आला. मी बसलो होतो ती पायरी ती पुन्हा पुसत होती.